हद्दीपलीकडचे सहा मीटर

चकती माझ्याच हातून सुटली होती, हे आधीच कबूल करते.

शनिवारची सकाळ होती आणि वारा आडवा. मी मुलांना लांब फेक कशी करायची ते दाखवत होते. मनगट असं, खांदा असा, नजर जिथे पाठवायची तिथे... आणि दाखवता दाखवता ती गुलाबी प्लास्टिकची चकती वाऱ्यावर चढली, वळली आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एका तिपाईच्या पायावर जाऊन आदळली. तिपाईवर कसलंसं पिवळं यंत्र होतं. ते डुललं. माझ्यामागे पंधरा मुलांनी एकदम श्वास रोखला.

मी धावत पोचले तेव्हा एक उंच माणूस त्या तिपाईला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा होता. डोळे घट्ट मिटलेले.

"पडलं का?" मी धापा टाकत विचारलं.

"नाही," तो डोळे न उघडता म्हणाला. "पण सोडायचं धाडस अजून होत नाहीये."

मला हसू आलं. मी ते गिळलं, पण त्याने नेमके तेव्हाच डोळे उघडले.

"हसा, हसा. यंत्र जिवंत आहे."

"माफ करा हं... वारा होता."

"वाऱ्याने फेकली?"

"नाही, फेकली मीच. वाऱ्याने फक्त पत्ता बदलला."

आता तो हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर एक बारीकशी रेघ उमटायची — आणि मी ती इतका वेळ का बघत होते, हे मलाच कळलं नाही.

तो मोजणीदार होता. नगरपालिकेने आमच्या मैदानाला कुंपण घालायचं ठरवलं होतं. त्याआधी हद्द नक्की करायला त्याला पाठवलं होतं. एवढं कळेपर्यंत सगळी मुलं आमच्याभोवती जमली होती. सगळ्यांत पुढे आमची 'वकील'. वय वर्षं दहा, दोन वेण्या, आणि तोंड असं की तिच्याशी वाद घालण्यापेक्षा चूक कबूल केलेली परवडते.

"काका, तुम्ही आमच्या रेषेवर उभे आहात," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही आउट."

"काका?" त्याने दुखावल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "अहो, मी एकतीस वर्षांचा आहे."

"तिच्या मते एकतीस म्हणजे म्हातारपणच. मला मात्र अजून ताई म्हणतात."

"तुम्ही लाच देत असणार."

"तुमचं काम किती वेळ चालेल?" मी विषय बदलला.

"तुमचं?"

"दहापर्यंत."

"मग माझंही दहापर्यंत."

त्या दिवसापासून मुलांनी त्याचं नाव तिपाईकाका ठेवलं.

माझ्याबद्दल सांगायचं तर, मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, मी मेणात दात बसवते, गुलाबी हिरड्या घडवते, घासते, चकाकी आणते. दिवसभर माझ्या टेबलावर अनोळखी माणसांच्या बत्तिश्या माझ्याकडे बघून हसत असतात, आणि मला कुणाशी एक अक्षर बोलायला मिळत नाही. म्हणून शनिवार-रविवार सकाळी मी मैदानावर येऊन मनसोक्त ओरडून घेते. हा खेळ मी कॉलेजात शिकले. नोकरी लागल्यावर खेळायला कुणी उरलं नाही, तेव्हा एक चकती आणि वस्तीतली तीन पोरं घेऊन सुरुवात केली. दोन वर्षांत तीनची पंधरा झाली.

खेळ सोपा आहे. चकती हातात घेऊन पळायचं नाही, फक्त फेकायची. समोरच्या टोकाच्या चौकोनात आपल्या गड्याने ती झेलली की गुण. मुलं-मुली एकाच संघात. आणि पंच नाही. कुणाचा धक्का लागला, कुणाचा पाय रेषेबाहेर गेला, तर ज्याचं चुकलं त्यानेच हात वर करायचा. पटलं नाही तर दोघांनी बोलून मिटवायचं. सुरुवातीला एकेका भांडणात अख्खी सकाळ जायची.

मोजणीदाराला हे काही केल्या पटेना.

"आणि कुणी खोटं बोललं तर?"

"तर बोललं. पण पुढच्या वेळी त्याला चकती कोण देणार?"

त्याने टेप गुंडाळता गुंडाळता बराच विचार केला. "आमच्याकडे असं झालं तर मी उपाशी मरेन. लोक आपापली हद्द खरी सांगायला लागले तर मोजणीदाराला कोण बोलावणार?"

तो रविवारी आला. पुढच्या शनिवारी आला. रविवारी पुन्हा आला. मुलं त्याचा टेप धरायची, खुंट्या ठोकायची, आकडे ओरडून सांगायची. दहा वाजले की तो यंत्र पेटीत ठेवायचा आणि म्हणायचा, "आता मला शिकवा."

फेक त्याला मुळीच जमत नव्हती. जमीन केसाएवढ्या फरकाने मोजणारा माणूस, पण चकती हातात आली की ती कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसायचं. एकदा ती सरळ त्याच्याच मागे गेली.

"अंगठा वर. बाकीची बोटं खाली. अहो, इतकं आवळू नका... ती काय पळून जातेय?"

"आत्तापर्यंत दर वेळी गेलीच आहे."

मी त्याची बोटं धरून नीट बसवली. हात गार होता, आणि गवतावरचं दव त्याच्या बाह्यांना लागलं होतं. एक बोट जागेवर ठेवलं तर दुसरं सुटायचं. मग ते बसवलं तर पहिलं... बराच वेळ लागला. इतका, की मागून वकिलीणबाई ओरडल्या, "ताई, आम्हाला एवढा वेळ कधी धरून दाखवलं नाहीत!"

चकती सुटून दव पडलेल्या गवतात पडली आणि आम्ही दोघं दोन दिशांना बघत राहिलो.

घरी माझे बाबा म्हणजे बस डेपोतले निवृत्त टाइमकीपर. कोण कधी निघालं, कधी पोचलं, यावर त्यांची नजर अजून तशीच आहे.

"एवढ्याशा मैदानाला एक दिवस पुरतो," ते चहाच्या कपावरून म्हणाले. "हा तिसऱ्या आठवड्यात काय मोजतोय?"

"हद्द, बाबा."

"कुणाची?"

मी रिकामा कप उचलून आत गेले. बाबा पेपरात तोंड घालून एकटेच हसत होते.

मैदानाच्या पूर्वेला लाँड्रीवाल्या काकूंचं आवार आहे. तिथून कायम वाफेचा आणि साबणाचा वास येतो. दोऱ्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि त्यांच्यामागे काकू, कमरेवर हात ठेवून. आमची चकती तिकडे गेली की काकू ती परत द्यायच्या, पण आधी ठरलेलं वाक्य ऐकवून: "ही जागा माझी आहे! तुम्ही खेळता ना, त्यातलीसुद्धा!" सगळी वस्ती हे वर्षानुवर्षं ऐकत होती आणि सगळेच मान हलवून सोडून देत होते. मीही.

तिसऱ्या रविवारी मोजणीदाराने मला नळापाशी बाजूला बोलावलं. त्याच्या नखांत माती होती आणि गालावरची ती रेघ कुठे दिसत नव्हती.

"हद्दीचा जुना दगड सापडला," तो म्हणाला. "तुमच्या रेषेच्या आत. गवताखाली, हातभर खोल होता."

"मग?"

"मग काकू खरं बोलतात. मैदानातली सहा मीटर रुंद पट्टी त्यांची आहे. लांबीभर."

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. आमच्या खेळाला पंचवीस मीटर रुंदी लागते, आणि मैदान जेमतेम तेवढंच. कुंपण नव्या हद्दीवर आलं तर उरणार एकोणीस. शिवाय दर तिसरी फेक कुंपणापलीकडे जाणार. आणि तीन आठवड्यांनी, दोन वर्षांत पहिल्यांदाच, नदीपलीकडच्या वस्तीतली मुलं आमच्याशी सामना खेळायला येणार होती. पोरांनी घरातल्या भिंतींवर दिवस मोजायला सुरुवात केली होती.

"हे अजून कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"कुणाला नाही. आत्ताच सापडला."

"मग..." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "दगड तर इतकी वर्षं मातीखालीच होता ना? कागदावर रेघ जरा इकडे सरकली... तर कुणाला कळणार आहे?"

नळाचं पाणी वाहत होतं, ते त्याने शांतपणे बंद केलं.

"मला कळेल," तो म्हणाला.

"तुम्हाला कळून काय होणार? तुम्ही उद्या दुसरीकडे मोजायला जाल. ही पंधरा पोरं कुठे जातील?"

"ते मला माहीत नाही."

"मग माहिती तरी कशाची आहे तुम्हाला? मीटर आणि सेंटिमीटरची!"

त्याने पेटी उचलली, तिपाई खांद्यावर घेतली आणि तो गेला. त्या दिवशी 'आता मला शिकवा' म्हणाला नाही.

आठवडा कसा गेला विचारू नका. एका आजोबांच्या कवळीत मी दोन सुळे उलटसुलट बसवले. लॅबच्या मालकीणबाई म्हणाल्या, "लक्ष कुठे आहे तुझं?" शनिवारी तो आला नाही. मुलांनी विचारलं, मी म्हटलं, काम असेल.

रविवारी आम्ही आपसातच सामना ठेवला. बरोबरीवर बरोबरी, शेवटचा गुण ज्याचा तो जिंकणार. आमच्या 'इंजिन'ने, सगळ्यांत जोरात पळणाऱ्या पोराने, लांबून फेकली आणि वकील अशी झेपावली की वेण्या हवेत आणि चकती हातात! तिचा संघ नाचायला लागला. कुणी उड्या मारतंय, कुणी लोळतंय... आणि ती मात्र उभी राहून आपल्या पायाकडे बघत होती. मग तिने हळूच हात वर केला.

"माझा पाय बाहेर होता."

"नव्हता!" तिच्याच संघातली पोरं ओरडली. "आम्ही बघितलं!"

"तुम्ही नाही बघितलं. पण होता."

खरंच कुणी बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिने डोळे पुसले, चकती दुसऱ्या संघाला दिली, आणि दोन मिनिटांत तिचा संघ हरला.

मी तिला शाबासकी द्यायला गेले. माझी दातखीळच बसली. दोन वर्षं या पोरांना मी शिकवत होते, आणि नळापाशी उभी राहून मी काय मागितलं होतं? कवळ्या बनवणारीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे निघाले होते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या ऑफिसात गेले. तिसरा मजला, भिंतभर नकाशांचे उथळ खण, जुन्या कागदाचा आणि शाईचा वास. तो उंच स्टुलावर बसला होता, कानामागे पेन्सिल. समोर आमचं मैदान कागदावर पसरलेलं. पूर्वेची रेघ शाईने ओढून झाली होती, जिथे हवी तिथेच.

मला बघून तो उठला आणि पेन्सिल खाली पडली.

"मी तुम्हाला खोटं काम करायला सांगितलं," मी एका दमात म्हणाले.

"हो."

"हो काय? जरा तरी 'नाही नाही' म्हणा ना."

"नाही नाही," तो आज्ञाधारकपणे म्हणाला. गालावर रेघ आली-आली आणि गेली.

"माझं चुकलं. मुलांना जे शिकवते तेच मी... तुम्ही रागावलात, ते बरोबरच होतं."

"रागावलो नव्हतो." तो खाली वाकून पेन्सिल शोधायला लागला. ती समोरच होती, तरी तो शोधत राहिला. "घाबरलो होतो."

"कशाला?"

"तुम्ही अजून एकदा मागितलं असतंत तर..." तो टेबलाखालूनच म्हणाला, "कदाचित सरकवली असती मी रेघ. सात वर्षांत कधी मनात आलं नव्हतं. म्हणून शनिवारी आलो नाही."

पंखा फिरत होता. नकाशाचा कोपरा उडत होता. मी त्यावर हात ठेवला, त्यानेही ठेवला. कोपरा एवढासा, त्यावर दोन हात. माझ्या बाहीवरचं, साच्यांचं पांढरं प्लास्टर त्याच्या मनगटाला लागलं, आणि ते पुसायची घाई दोघांपैकी कुणालाच नव्हती.

"काकूंना कोण सांगणार?" मी शेवटी विचारलं.

"पत्र जाईल ऑफिसातून."

"पत्र नको. आपण जाऊ."

आपण. तो शब्द तोंडातून गेला आणि माझे कान गरम झाले.

संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा काकू चादरींच्या घड्या घालत होत्या. मोजणीदाराने इस्त्रीच्या टेबलावर नकाशा उलगडला आणि बोटाने रेघ दाखवली. "इथपर्यंत तुमचं आहे, काकू. दगड सापडला."

काकूंनी हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, मग त्या रेघेवरून एक बोट सावकाश फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे गेले ना," त्या म्हणाल्या, "तेव्हासुद्धा लोक म्हणत होते, जागेचं वेड घेऊन गेला. खोटारडा म्हणाले त्यांना. तोंडावर."

"मीही कधी विश्वास ठेवला नाही, काकू," मी म्हणाले. "मला माफ करा."

त्यांनी नाक ओढलं आणि एकदम नेहमीचा आवाज काढला. "आता रडू नकोस, चादर ओली होईल. कुंपण कुठे घालणार ते?"

"तुमच्या हद्दीवर," तो म्हणाला.

"मला नको तिथे कुंपण. माझ्या घरात काय सोनंनाणं आहे? रस्त्याच्या बाजूला घाला. ही कार्टी पळता पळता एक दिवस गाडीखाली येतील." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या पट्टीत मी दोऱ्या बांधीन, पण रविवारी माझ्या दोऱ्या रिकाम्या असतात. खेळा. शनिवारी नाही हं! शनिवारी हॉटेलच्या चादरी असतात. एका चादरीवर जरी पाय दिसला..."

"नाही दिसणार!"

"जागा माझी आहे एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं," काकू घडी दाबत म्हणाल्या. "म्हणालात. बस झालं."

बाहेर आल्यावर मी चक्क उडी मारली. त्याने इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली, आणि त्यानेही मारली. तो उडीही फेकीसारखीच मारतो, हे तेव्हा कळलं.

सामना झाला. काकूंनी स्वतः दोऱ्यांचे खांब उपटून ठेवले आणि उलट्या टबावर बसून अख्खा वेळ आरडाओरडा केला. त्यातला निम्मा चुकीच्या संघासाठी होता. आम्ही एका गुणाने हरलो. इंजिन रडलं, मग नदीपलीकडच्या मुलांनी त्याला आपल्यातली केळी दिली तेव्हा गप्प झालं. जाताना ती मुलं विचारत होती, परत कधी?

बाबाही आले होते, थर्मास घेऊन. त्यांनी मोजणीदाराला एक कप चहा दिला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि काकूंशी गप्पा मारायला निघून गेले. नुसत्या गप्पांसाठी बाबा अख्खं मैदान ओलांडून कधी गेले नव्हते.

आम्ही दोघं रेषेची दोरी गुंडाळत होतो. तो एका टोकाला, मी दुसऱ्या. जवळ जवळ येत.

"मी मंगळवारी जातोय," तो म्हणाला. "डोंगरात नवा रस्ता काढतायत. मोजणीला आठ महिने लागतील."

माझे हात थांबले. "आठ?"

"हो."

"आणि मग?"

"मग... इथे या मैदानाचं काम तर संपलंय." तो दोरीकडे बघत होता. "खरं म्हणजे, तो दगड सोडला तर पहिल्याच शनिवारी संपलं होतं. बाकीचं मी उगाच मोजत होतो."

वाऱ्याने माझे केस तोंडावर आणले. बरं झालं. चेहरा लपला.

"ऐका," मी म्हणाले. "एकदाच सांगणार आहे, पुन्हा धीर होणार नाही. तुम्ही मला आवडता. तुमची ती वाकडी फेक आवडते. तुम्ही 'मला कळेल' म्हणालात ना, तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता... आणि तेव्हाच जास्त आवडलात. झालं. आता तुम्ही बोला."

तो दोरी गुंडाळत राहिला, भराभर, आमच्यामध्ये हातभर अंतर उरेपर्यंत.

"मला एक सवय लावायची आहे," तो म्हणाला. "आठ महिने फोनवर सराव करीन. पण पहिल्यांदा समोर म्हणायचंय."

"काय?"

"तू." त्याचे कान लाल झाले होते. "तू... मलाही. खूप. म्हणजे, तू मला..."

"कळलं," मी म्हणाले. हसता हसता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. "वाक्य पूर्ण केलं नाहीस तरी चालेल."

मंगळवारी तो गेला. डोंगरात फोन फक्त एका टेकडीवर लागायचा. दर रविवारी सामना संपायच्या वेळी तो तिथे चढून फोन करायचा, आणि मी त्याला कुणी किती गुण केले ते सांगायची. कधी आवाज तुटायचा, कधी नुसता वारा ऐकू यायचा. एक आठवडा दरड कोसळली आणि फोन आलाच नाही, तेव्हा मी काकूंच्या आवारात बसून शंभर उशांचे अभ्रे इस्त्री केले. पुढच्या रविवारी मी पहिल्या रिंगला फोन उचलला तेव्हा दोघंही आधी भांडलो आणि मग बराच वेळ नुसते गप्प राहिलो. छान वाटलं ते गप्प राहणं.

आठ महिने आणि बारा दिवसांनी, एका रविवारी, सामना रंगात असताना मैदानाच्या रस्त्याकडच्या फाटकात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. उन्हाने रापलेला, पाठीवर मोठी पिशवी. मुलांनी मला हाकाही मारल्या नाहीत. सगळी तिकडेच सुटली. तेवीस होती आता. त्या घोळक्यातून वाट काढत काढत तो माझ्यापर्यंत पोचला, तेव्हा त्याच्या एका खांद्याला एक आणि दुसऱ्याला दोन पोरं लोंबकळत होती.

"उशीर झाला," तो म्हणाला. "बस चुकली."

मला खूप काही बोलायचं होतं. आठ महिन्यांत जमवून ठेवलेलं. पण मी फक्त त्याच्या शर्टाची धूळ झटकली, एकदा, दोनदा, आणि हात तिथेच राहू दिला.

"मुलांनो, आज तुम्हीच संपवा," मी म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. "चल. बाबा घरीच आहेत, त्यांना सांगून टाकू."